पहिलं प्रकरण वगळू नकोस

"ताई, मी एकोणीस वर्षांची आहे. तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी, म्हणजे देव आणि श्रद्धा यांचा अभ्यास, हे दोन्ही विषय मिळून एक पदवी असलेल्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळतो आहे. घरात मात्र कुणालाच हे पटलेलं नाही. आईला वाटतं, देवाची चिरफाड करायला शिकून मी श्रद्धाच गमावून बसेन. दादा म्हणतो, तत्त्वज्ञान एकवेळ ठीक, पण थिऑलॉजी हा विद्यापीठात शिकवायचा विषयच नाही, उत्तर आधी ठरवून मग कारणं शोधायची याला अभ्यास म्हणत नाहीत. माझी धास्ती वेगळीच आहे. दोन्हीकडे अर्धं अर्धं शिकून मी धड कुठलीच राहणार नाही, असं वाटतं. हे विषय का निवडले तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी माझा मामेभाऊ आजारपणात गेला. नऊ वर्षांचा होता. आई म्हणाली, देवाची इच्छा. दादा म्हणाला, देव असता तर असं झालंच नसतं. मला दोघांचंही उत्तर पुरलं नाही. फॉर्म भरायला तीन आठवडे उरलेत. काय करू?
ता. क. हिब्रू, ग्रीक किंवा संस्कृत यांपैकी एक भाषा घ्यावी लागते. कुठली घेऊ?"

दोन्ही घे. तीन आठवडे तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून हे आधीच सांगून टाकते. आता का घ्यायचे आणि कशाची तयारी ठेवायची, ते सविस्तर लिहिते. आईची भीती, दादाचा आक्षेप आणि तुझी धास्ती या तिन्हींत तथ्य आहे. फक्त तुम्हाला ते जिथे दिसतंय, तिथे ते नाही.

मीही हेच दोन विषय एकत्र शिकले आणि पुढे बरीच वर्षं शिकवले. त्यातला एक आठवडा तुला सांगते, कारण हे दोन विषय एकत्र शिकणं म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात कळलं.

पहिल्या वर्षी योगायोगानं दोन्ही विभागांत एकाच वेळी ॲन्सेल्म आला. हा अकराव्या शतकातला ख्रिस्ती साधू आणि विचारवंत. सोमवारी तत्त्वज्ञानाच्या तासाला सरांनी प्रत्येकाच्या हातात एकच झेरॉक्स ठेवली. त्याच्या 'प्रोस्लोगियन' या पुस्तकाचं दुसरं प्रकरण, जेमतेम पानभर. ॲन्सेल्मनं ते १०७७-७८च्या सुमारास लिहिलं. युक्तिवाद असा आहे : ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही, ते म्हणजे देव. देव नाही म्हणणाऱ्यालाही या शब्दांचा अर्थ कळतो, म्हणजे निदान त्याच्या मनात तरी ते आहे. पण नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षातही असणं अधिक थोर. ते फक्त मनातच असेल, तर त्याहून थोर काही कल्पिता येईल, आणि मग व्याख्याच मोडते. म्हणून ते प्रत्यक्षात आहे.

आम्ही तासभर त्या पानाशी झुंजलो. एकेका विधानाला क्रमांक देऊन ती फळ्यावर मांडली. मग गॉनिलोचा आक्षेप आला. हा ॲन्सेल्मच्याच काळातला एक ख्रिस्ती साधू. त्याचं म्हणणं, याच रीतीनं मी सगळ्यांत उत्तम अशा एका हरवलेल्या बेटाचं अस्तित्व सिद्ध करून दाखवतो, मग ते बेट खरंच आहे म्हणायचं का? शेवटी जर्मन तत्त्वज्ञ कांटचा १७८१मधला आक्षेप आला. 'असणं' हा गुणधर्म नव्हे, वस्तूच्या वर्णनात त्यानं काही भर पडत नाही. तास संपला तेव्हा तो युक्तिवाद पार जमीनदोस्त झाला असं मला वाटलं, आणि मी फार आनंदात बाहेर पडले.

गुरुवारी थिऑलॉजीच्या बाईंनी तेच पुस्तक उघडलं आणि पहिल्या प्रकरणापासून वाचायला सुरुवात केली. पहिलं प्रकरण मी पाहिलंच नव्हतं. ते दुसऱ्यापेक्षा बरंच मोठं आहे आणि ती एक प्रार्थना आहे. कामाच्या रगाड्यातून थोडा बाजूला हो, मनाच्या खोलीत शीर, दार लावून घे, असं ॲन्सेल्म स्वतःलाच सांगतो. मग देवाला म्हणतो, तुला पाहण्यासाठी मला घडवलं, आणि ज्यासाठी घडवलं ते अजून माझ्याकडून झालेलं नाही. प्रकरणाच्या शेवटी तो म्हणतो, विश्वास बसावा म्हणून मी समजून घेऊ पाहत नाही, समजावं म्हणून मी विश्वास ठेवतो. आणि मग दुसरं प्रकरण सुरू होतं ते 'म्हणून, हे प्रभो' अशा शब्दांनी.

मी सोमवारची झेरॉक्स काढून पाहिली. ते शब्द तिच्यावरही होते. मी ते वाचले होते आणि ओलांडून पुढे गेले होते. ती प्रसिद्ध व्याख्यासुद्धा 'तू असा आहेस असं आम्ही मानतो' अशी थेट देवाला उद्देशून केलेली आहे. ज्याच्याशी बोलणं चाललंय, त्याचंच अस्तित्व माणूस त्याला सिद्ध करून दाखवतोय! हे काय चाललंय, असा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. कार्ल बार्थ या प्रोटेस्टंट धर्मपंडितानं १९३१मध्ये ॲन्सेल्मवर अख्खं पुस्तक लिहिलं ते याच अंगानं. त्याच्या मते, श्रद्धा आत्मसात केलेला माणूस आपल्या श्रद्धेचा अर्थ लावतोय, आणि त्याच्याकडे त्याच नजरेनं पाहायला हवं.

यावर काही जण लगेच म्हणतात, म्हणजे सोमवारच्या तासाचं वाचन चुकीचं, खरं वाचन गुरुवारचं. नाही. पहिलं प्रकरण वाचल्यानं कांटचा आक्षेप बोथट होत नाही. निष्कर्ष निघतो की नाही, हा प्रश्न तसाच उभा राहतो, आणि प्रार्थना कितीही उत्कट असली तरी त्याला वळसा घालता येत नाही. तसंच, कांट आला म्हणून प्रार्थना पुसलीही जात नाही. खुद्द ॲन्सेल्मचं वागणं बघ. गॉनिलोचा आक्षेप आल्यावर त्यानं तो दडवला नाही. तो आक्षेप आणि आपलं उत्तर, दोन्ही यापुढे पुस्तकाला जोडूनच नकलून घ्यावीत, असं त्यानं सांगितलं. एकच विषय घेणाऱ्या मुलांच्या वाट्याला यातला एकच दिवस येतो. तुझ्या वाट्याला दोन्ही येतील.

पण त्याची किंमत मोजावी लागते, आणि तुझी 'अर्धं अर्धं' ही धास्ती खरी आहे ती इथे. त्या सत्रात थिऑलॉजीसाठी मी ॲन्सेल्मवर निबंध लिहिला आणि त्यात सोमवारची सगळी हत्यारं परजली. परत आला तेव्हा समासात एकच ओळ होती : 'प्रश्न हा नव्हता.' मी शहाणी झाले असं समजून पुढचा तत्त्वज्ञानाचा निबंध इतिहासानं भरून टाकला. कुणी कधी कुणाला उद्देशून काय म्हटलं, सगळं आलं. त्यावर शेरा आला : 'हे सगळं खरं, पण त्याचं म्हणणं बरोबर आहे का?' मी त्या रात्री खूप रडले. आता वाटतं, माझ्या शिक्षणातल्या सगळ्यांत मोलाच्या त्या दोन ओळी होत्या.

या दोन विद्यांच्या कामाच्या रीतीच वेगळ्या आहेत. तत्त्वज्ञानात तुला आठवड्याला वीस पानं देतील आणि ती पाच वेळा वाचायला लावतील. थिऑलॉजीत दोनशे पानं देतील आणि त्यातलं नेमकं काय महत्त्वाचं, ते तूच शोधायचं. एकीकडे समोरच्याचा सगळ्यांत भक्कम आक्षेप मांडून त्याला उत्तर द्यायचं असतं. दुसरीकडे हे वाक्य कुठल्या ग्रंथाचा अर्थ लावतंय, कुठल्या वादात लिहिलं गेलं, कुठल्या समुदायानं ते उराशी धरलं, हे उलगडायचं असतं. निबंधाला बसण्याआधी एका चिठ्ठीवर लिहायचं, 'मी आत्ता कुठल्या प्रश्नाचं उत्तर देते आहे?' आणि ती चिठ्ठी शेवटचं वाक्य लिहून होईपर्यंत समोर ठेवायची. मी हे पदवी होईपर्यंत केलं आणि नंतर माझ्या विद्यार्थ्यांनाही करायला लावलं.

तुला दोन्हीकडे उपरी वाटेल, पण त्या वाटेनं मोठी माणसं गेली आहेत. मुस्लिम धर्मपंडित अल-गझालींनी १०९५च्या सुमारास तत्त्वज्ञांच्या वीस मतांचं खंडन करणारा ग्रंथ लिहिला. वीसपैकी तीनच मतं त्यांनी धर्माबाहेरची ठरवली : जग अनादी आहे, ईश्वराला फक्त सामान्य तत्त्वं कळतात, सुट्या घटना नाहीत, आणि मृत्यूनंतर देहासह पुनरुत्थान होत नाही. पण त्याच तत्त्वज्ञांची मतं समजावून सांगणारं वेगळं पुस्तकही त्यांनी लिहिलं होतं. ते लॅटिनमध्ये गेल्यावर तिकडच्या वाचकांनी गझालींनाच त्या पंथातलं मानलं, इतक्या इमानानं त्यांनी समोरच्याची बाजू मांडली होती. पुढे ११८०च्या सुमारास इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञांनी गझालींच्या खंडनाचं मुद्देसूद खंडन केलं. दोघांनाही दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या. पूर्वपक्ष मांडावा तो असा.

आता दादाचं. त्याच्यावर रागावू नकोस, त्याचा प्रश्न जुना आहे आणि चांगलाही आहे. थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडितानं १२६५च्या सुमारास 'सुम्मा थिओलॉजिए' लिहायला घेतलं. त्यातला अगदी पहिला प्रश्न हाच आहे : तत्त्वज्ञानाच्या शाखा असताना आणखी एका विद्येची गरज काय? पुस्तकाची रीत अशी की आधी विरोधकाचं म्हणणं, मग आपलं उत्तर, मग विरोधकाच्या एकेका मुद्द्याचा समाचार. देव आहे का, या प्रश्नाखाली त्यानं विरोधाचे दोनच मुद्दे घेतले आहेत. एक, जगात वाईट आहे, आणि अनंत चांगुलपणाचा देव असता तर ते उरलंच नसतं. दोन, देवाशिवायही जगाचा उलगडा होऊ शकतो. तुमच्या घरात दोन वर्षांपूर्वी जे बोललं गेलं, ते साडेसातशे वर्षांपूर्वी एका धर्मपंडितानं आपल्या पुस्तकात त्या प्रश्नाच्या पहिल्याच ओळींत मांडून ठेवलंय. दादाला ते पान दाखव. अक्वायनसची उत्तरं त्याला पटोत न पटोत, आपला आक्षेप तिथे नीट मांडलाय एवढं तरी तो मान्य करील.

थिऑलॉजी म्हणजे देवाची वकिली, हा त्याचा समज मात्र खोडायला हवा. मी विद्यार्थ्यांना यासाठी नेहमी रामानुजांचं उदाहरण द्यायचे. न्यायदर्शनातले पंडित उदयनाचार्य यांनी 'न्यायकुसुमांजली'त अनुमानानं ईश्वर सिद्ध केला आहे. जग हे कार्य आहे, घड्याला जसा कुंभार तसा जगालाही कर्ता हवा, अशी त्यातली एक वाट आहे. रामानुज हे विष्णूचे परमभक्त. हा पुरावा त्यांना हवाच असेल, असं कुणालाही वाटेल. पण ब्रह्मसूत्रांवरच्या आपल्या 'श्रीभाष्या'त 'शास्त्रयोनित्वात्' या सूत्रावर लिहिताना ते हे अनुमान साफ मोडीत काढतात. मोठी कामं अनेक जण मिळून, वेगवेगळ्या वेळी करतात असंच दिसतं, मग जगाचा कर्ता एकच, हे कशावरून? आणि कर्त्याला शरीर असलेलं दिसतं, त्याचं काय? ईश्वर कळतो तो शास्त्रामुळे, तर्कानं तो सिद्ध करता येत नाही, ही त्यांची भूमिका. १७७९मध्ये, स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या मृत्यूनंतर, त्याचे धर्मावरचे संवाद छापले गेले. त्यात हाच मुद्दा आहे : घर किंवा जहाज बांधायला पुष्कळ माणसं लागतात, मग जगाला कर्ते अनेक का नसावेत? एक परमभक्त, एक संशयवादी, दोघांत सहा-सातशे वर्षांचं अंतर, आणि घाव एकाच जागी. फक्त एकाला त्यातून शास्त्राकडे जायचं होतं आणि दुसऱ्याला संशयाकडे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात घाव कळतो. तो घालून माणूस कुठे निघाला होता, हे कळायला दुसरा वर्ग लागतो.

(मराठीत या विषयाला सोयीचा शब्द नाही, याचाही गैरसमजाला हातभार लागतो. 'धर्मशास्त्र' म्हटलं की आचार, प्रायश्चित्त, वारसाहक्क असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, 'ब्रह्मविद्या' म्हटलं की साधना. 'ईश्वरशास्त्र' त्यातल्या त्यात जवळचा, पण बोलण्यात रुळलेला नाही. म्हणून मीही सरळ थिऑलॉजीच म्हणते.)

दादाचं एक म्हणणं मात्र मनावर घे. काही विद्यापीठांतली थिऑलॉजीची फॅकल्टी चर्चशी बांधलेली असते. जर्मनीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट थिऑलॉजीच्या फॅकल्ट्या वेगळ्या असतात. हान्स क्युंग या कॅथलिक धर्मपंडितांनी पोपच्या अचूकतेच्या सिद्धांतावर प्रश्न उभे केले, तेव्हा १९७९मध्ये त्यांची कॅथलिक थिऑलॉजी शिकवण्याची परवानगी व्हॅटिकननं काढून घेतली. ट्युबिंगन विद्यापीठात ते प्राध्यापक राहिले, पण त्या फॅकल्टीच्या बाहेर. तेव्हा तुझ्या विभागाला स्पष्ट विचार : इथे कुणाशी बांधिलकी आहे का, आणि एखाद्या निष्कर्षाला पोचायला मनाई आहे का? बांधिलकी असलेली जागा वाईट असते असं मी म्हणत नाही, माझे काही उत्तम शिक्षक तशाच जागांतून आले होते. पण ते आधी माहीत हवं.

आईबद्दल लिहिताना मला जपून लिहायचंय. तुमचा धर्म कोणता ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मी सांगणार आहे त्याला त्यानं फरक पडत नाही. आईला वाटतं, वाद घालून घालून श्रद्धा जाते. युक्तिवादानं श्रद्धा गेलेली माणसं मी फार थोडी पाहिली. हादरा बसतो तो इतिहासानं. आमच्या दुसऱ्या वर्षी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, शेवट आला. चौथ्या शतकातल्या दोन थोर हस्तलिखितांत, 'सिनायटिकस' आणि 'व्हॅटिकानस'मध्ये, ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबतं. रिकामी कबर पाहून स्त्रिया पळत सुटल्या, त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या. बस. त्यानंतर छापील प्रतींत दिसणाऱ्या ओव्या, येशू भेटल्याच्या, तिथे नाहीतच. माझ्या शेजारची मुलगी वही मिटून बसून राहिली. लहानपणापासून तिला त्या ओव्या पाठ होत्या.

ती आजही श्रद्धाळू आहे. तिसऱ्या वर्षी तिनं त्या न संपलेल्या शेवटावरच प्रबंध लिहिला, आणि मी वाचलेला तो सगळ्यांत सुंदर प्रबंध होता. त्याच वर्गातला आमचा एक मित्र मात्र त्या वर्षी प्रार्थनेला जायचा थांबला, तो थांबलाच. मी दोघांनाही प्रामाणिक मानते. तेव्हा 'काही होणार नाही' असं खोटं आश्वासन आईला देऊ नकोस. काहीतरी होईल. तू आज जिथे आहेस तिथेच तीन वर्षांनी असशील, हे कुणीच सांगू शकत नाही, आणि हे विषय घेतले नाहीस तरी ते सांगता येणार नाही.

तिला एवढं सांगू शकतेस, की अभ्यासातला देव आणि हात जोडायचा देव यांतलं अंतर मोठमोठ्या बुद्धिवंतांना जाणवलेलं आहे. पास्कल हा गणिती. २३ नोव्हेंबर १६५४च्या रात्री त्याला जो अनुभव आला, तो त्यानं कागदावर उतरवला. त्यात 'अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि विद्वानांचा नव्हे' अशा अर्थाची ओळ आहे. तो कागद त्यानं अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवला, आणि १६६२मध्ये तो गेल्यावर तो सापडला. एवढी वर्षं ते अंगावर वागवत त्यानं विचार करणं काही सोडलं नाही.

तुझ्यासाठी माझी विनवणी अशी : आज तू जी प्रार्थना, जो नेम पाळत असशील, तो पहिल्या वर्षी निव्वळ वर्गात काही ऐकलं म्हणून सोडू नकोस, आणि मन उठलं असताना केवळ घरच्यांच्या धाकानं रेटूही नकोस. परीक्षेच्या महिन्यात तर श्रद्धेचा कुठलाच निर्णय घेऊ नकोस. मन थकलेलं असताना जे ठरतं ते टिकत नाही.

आणि तुझा मामेभाऊ. तुझं पत्र मी तीनदा वाचलं ते त्या चार ओळींसाठी.

दोन्ही विषयांत तुला तो प्रश्न भेटेल, आणि दोन वेगळ्या रूपांत. तत्त्वज्ञानात जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाचा १९५५चा लेख वाचायला देतील. देव सर्वशक्तिमान आहे, तो सर्वस्वी चांगला आहे, आणि वाईट अस्तित्वात आहे, ही तीन विधानं एकत्र नांदू शकत नाहीत, असा त्याचा दावा. मग ॲल्व्हिन प्लँटिंगा या दुसऱ्या तत्त्वज्ञाचं १९७४चं उत्तर येईल : स्वतंत्र इच्छा असलेली माणसं घडवायची, तर त्यांनी वाईट निवडण्याची शक्यताही स्वीकारावी लागते, म्हणजे तार्किक विसंगती काही सिद्ध होत नाही. तू हात वर करून विचारशील, नऊ वर्षांच्या मुलाचं आजारपण कुणी निवडलं होतं? बरोबर विचारशील. निसर्गातून येणाऱ्या दुःखाचा हा प्रश्न तत्त्वज्ञांनाही टोचतो आणि त्यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलंय.

थिऑलॉजीत बहुधा बायबलमधलं जोबचं पुस्तक येईल. जोबची दहाही मुलं मरतात, अंगभर फोड येतात. त्याचे तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कुणी एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. मग ते बोलायला लागतात, आणि घोटाळा तिथून सुरू होतो. एकेक जण देवाची बाजू मांडतो. तुझं काहीतरी चुकलं असेल, देव अन्याय करत नाही. जोब ऐकत नाही, तो देवालाच जाब विचारतो. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर संतापतो : माझ्याबद्दल तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक जोब बोलला तसं. देवाच्या बचावाला धावलेल्यांना देवच चूक ठरवतो.

तुझी आई आणि तुझा दादा, दोघंही त्या दिवशी दुःखात होते आणि हाताला लागलं ते उत्तर त्यांनी धरलं. त्यांना दोष देऊ नकोस. पण दोन्ही उत्तरं तुला का पुरली नाहीत, ते जोब वाचताना कळेल असं मला वाटतं. दोन्ही स्पष्टीकरणं होती, आणि तुला कदाचित अजून त्या सात दिवसांतच बसायचं होतं. मॅकी ज्या आठवड्यात येईल तो तुला जड जाईल. वर्गातली मुलं 'समजा एक मूल मरतं' असं उदाहरण म्हणून सहज बोलतील. शिक्षकांना आधी जाऊन सांग. तासातून उठून बाहेर आलीस तरी काही बिघडत नाही. तिसऱ्या दिवशी परत जा.

राहिला प्रत्यक्ष फॉर्म. ऑक्सफर्ड आणि डरम इथे हे दोन विषय मिळून एकच पदवी दिली जाते, आणि इतरत्रही असे अभ्यासक्रम आहेत. ख्रिस्ती पुरोहितांच्या शिक्षणाहून हे वेगळं. कॅथलिक नियमांप्रमाणे तिथे पूर्ण दोन वर्षं तत्त्वज्ञान आणि पूर्ण चार वर्षं थिऑलॉजी लागते, आणि बहुतेक ठिकाणी तत्त्वज्ञान आधी येतं. तुझ्याकडे दोन्ही समांतर चालतील, म्हणून विभाग एकमेकांशी बोलतात का, ते पाहा. शेवटच्या वर्षाच्या पेपरांची यादी मागव. पहिल्या वर्षाची यादी सगळीकडे सारखीच दिसते, ती पाहून काही कळत नाही. दोन्ही विषयांना जोडणारा प्रबंध लिहिता येतो का, आणि लिहिला तर तो तपासणार कोण, हे विचार. 'धर्माचं तत्त्वज्ञान' हा पेपर तू घेशीलच, पण तेवढ्याच पुलावर विसंबू नकोस. तर्कशास्त्र घे, कंटाळवाणं वाटलं तरी. ज्ञानमीमांसा, म्हणजे आपल्याला कळतं ते कसं कळतं याचा अभ्यास, तोही घे. थिऑलॉजीच्या बाजूला तुझ्या परंपरेबाहेरच्या एका धर्माचा पेपर घे. आणि एक जाडजूड ग्रंथ सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच, उतारे नकोत. उताऱ्यांवर काय होतं ते ॲन्सेल्मच्या बाबतीत मी सांगितलंच.

नोकरीचं तू विचारलं नाहीस, घरचे विचारतील. या पदवीला ठरावीक नोकरी चिकटलेली नसते. माझ्याबरोबरचे कुणी शिक्षक झाले, कुणी वकील, कुणी पत्रकार, एक जण रुग्णालयात मरणासन्न माणसांजवळ बसायचं काम करतो. प्रत्येकाला पुढे आणखी काहीतरी शिकावं लागलं. हे घरी आत्ताच सांगून ठेव.

आता ता. क. चं उत्तर. प्रबंध ज्या ग्रंथावर लिहावासा वाटेल, त्याची भाषा घ्यावी, हा माझा नेहमीचा सल्ला. रामानुज आणि उदयन खुणावत असतील तर संस्कृत, मार्क खुणावत असेल तर ग्रीक. पण तुझं पत्र वाचून मला वाटतं, तू हिब्रू घे. पहिले काही महिने लिपी आणि क्रियापदांतच जातील. रोज सकाळी अर्धा तास दे, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, नाहीतर चार दिवसांत सगळं पुसलं जातं. जोबची हिब्रू फार अवघड आहे, पहिल्या वर्षी ती हाती लागायची नाही. तिसऱ्या वर्षी बेचाळिसाव्या अध्यायाची सहावी ओवी उघड. ते जोबचे शेवटचे शब्द आहेत. त्यातल्या एका क्रियापदाचं भाषांतर बहुतेक ठिकाणी 'मी पश्चात्ताप करतो' असं केलेलं असतं. त्याच क्रियापदाचा अर्थ 'माझं सांत्वन झालं' असाही होऊ शकतो, आणि अभ्यासक अजून त्यावर भांडतात. तो शब्द तू स्वतः मुळातून वाचशील आणि तुझं मत ठरवशील, त्या दिवशी मला पुन्हा पत्र लिही.